इंग्रजी पत्र आधी मराठीत लिहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च महिन्यात माझ्या संध्याकाळच्या वर्गात एका मुलाने पिशवीतून एक कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला भाग, काढून टेबलावर ठेवले. तो दिवसा शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. डिप्लोमा झालेला आहे, गाव राधानगरीकडचे. कास्टिंगच्या फ्लँजवर, म्हणजे कडेच्या पसरट पट्टीवर, खडूने गोल केलेला होता आणि गोलाच्या आत हरभऱ्याएवढी दोन भोके होती. फाउंड्रीला तक्रारीचे पत्र इंग्रजीतून लिहायला त्याला मालकाने सांगितले होते. मी विचारले, "काय झालंय?" तो म्हणाला, "मॅडम, चाळीसातले सहा पीस गेल्यात. पहिला कट मारल्यावर भोकं उघडी पडल्यात. आठ दिसांत बदलून द्या म्हणायचं, न्हाईतर आमची लाइन थांबतीया."

मग त्याने लिहून आणलेला कागद मी वाचला. "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टु द अबव्ह सायटेड सब्जेक्ट, आय द अंडरसाइन्ड वुड लाइक टु ब्रिंग टु युवर काइंड नोटिस दॅट द मटेरियल सप्लाइड बाय युवर एस्टीम्ड कंपनी इज नॉट प्रॉपर. यू शुड डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट. थँकिंग यू."

चाळीस कुठे गेले? सहा कुठे गेले? भोके, पहिला कट, आठ दिवस, थांबणारी लाइन यातले काहीही कागदावर उरले नव्हते. तोंडी मराठीत जे तीन वाक्यांत चोख सांगितले होते, ते इंग्रजीत येताना सगळे गळून पडले, आणि व्याकरणाच्या मात्र फारशा चुका नव्हत्या. परीक्षेत या पत्राला पाचपैकी साडेतीन-चार गुण सहज मिळाले असते.

हे पत्र मी त्यासाठी लिहीत आहे.

मी सत्तावीस वर्षे कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत पत्रव्यवहार सांभाळला. सुरुवातीला गोदरेजचे टाइपरायटर, तीन कार्बन प्रती आणि आवक-जावकचे रजिस्टर होते. मग टेलेक्स गेला, फॅक्स आला, मग ई-मेल. निवृत्तीनंतर नऊ वर्षे राजारामपुरीत संध्याकाळी वर्ग घेते. येणारी मुले-मुली बहुतेक मराठी माध्यमातली. कुणी बी.कॉम., कुणी डिप्लोमा, कुणी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिलेले. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यातल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमध्ये ती कामाला असतात. इथले कास्टिंग पुण्याच्या गाड्यांत बसते आणि न्हावा शेवा बंदरातून परदेशातही जाते. इथे इंग्रजी पत्र म्हणजे रोजचे काम. ते चुकले तर माल अडकतो नाहीतर पैसे अडकतात.

शाळा-कॉलेजात हे शिकवतात कसे, ते मुलांच्या वह्यांतून मला दिसते. पत्र "एक्सवायझेड कंपनी, एबीसी रोड" यांना लिहिलेले असते. तिथे कुणी माणूस राहत नाही. पत्ता डावीकडे, तारीख कुठे, विषयाखाली रेघ, स्वल्पविराम कुठे, याला गुण. मधल्या मजकुराचा नमुना पाठ. एका वर्गात ऐंशी मुले असताना शिक्षकाने प्रत्येकाचा मजकूर वाचून तपासावा, ही अपेक्षा धरणेही अन्याय आहे, म्हणून मी शिक्षकांना बोल लावत नाही. पण मुलगा यातून काय शिकतो? पत्र म्हणजे साचा, आणि साच्यात आपले बोलणे घालायचे नसते, एवढेच. वर आपल्या सरकारी मराठीचाही त्याला संस्कार झालेला असतो. "उपरोक्त विषयास अनुसरून" हे त्याने ग्रामपंचायतीच्या कागदावर वाचलेले असते, तेच तो "अबव्ह सायटेड सब्जेक्ट" म्हणून इंग्रजीत नेतो.

इंग्रजी येत नाही म्हणून पत्र वाईट होते, असे मला इतक्या वर्षांत क्वचितच दिसले. बहुतेक वेळा आपल्याला काय म्हणायचे आहे ते लिहिण्याआधी कुणी विचारलेलेच नसते. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे की पहिला कागद मराठीत. तोही पुस्तकी नको. सुपरवायझरला जसे सांगाल तसे, कोल्हापुरीत लिहा. त्या खाली एक ओळ लिहायची, की हे वाचून समोरच्याने उठून काय करायचे आहे. ही ओळ लिहिता आली नाही तर इंग्रजीला हात लावायचा नाही.

आता एक बारीक गोष्ट सांगते, जी मी कुठल्याही गाईडात छापलेली पाहिलेली नाही आणि जिने आपल्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान होते. मराठीत आपण लिहितो, "आपण माल त्वरित पाठवावा." हे नम्र आहे. "पाठवा" पेक्षा मऊ, "पाठवावा ही विनंती" तर आणखी मऊ. मुलगा त्याचे शब्दशः इंग्रजी करतो, "यू शुड सेंड द मटेरियल इमिजिएटली." मराठीतला "वा" त्याला "शुड" वाटतो, कारण शाळेत "मी जावे" म्हणजे "आय शुड गो" असेच शिकवले आहे. पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते "तुला एवढेही कळत नाही का" असे ऐकू येते. मुलाच्या मनात आदर असतो आणि कागदावर दमदाटी उतरते. समोरचा नाराज होतो, आणि या बिचाऱ्याला कधीच कळत नाही की उत्तर तुटक का आले. "कुड यू प्लीज सेंड" हे आपल्या "पाठवाल का" सारखे आहे, असे फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवले की पाच मिनिटांत उमगते. पण दाखवावे लागते. मराठीला वर्गाबाहेर ठेवले तर दाखवणार कसे?

"डू द नीडफुल" ची गोष्ट माझ्या स्वतःच्या अंगावरची आहे. नव्वदच्या दशकात एका जर्मन गिऱ्हाइकाला पॅकिंगबद्दल पत्र लिहिताना मी शेवटी तेच लिहिले. लाकडी खोके बदलायचे होते, आणि त्यासाठी त्यांच्या ड्रॉइंगवर त्यांची मंजुरी हवी होती. दुसऱ्या दिवशी फॅक्सवर दोन ओळी आल्या की आम्ही नेमके काय करायचे ते कृपया कळवा. मंजुरी हा शब्द माझ्या पत्रात कुठेच नव्हता. त्या उलटसुलटीत चार दिवस गेले आणि माल ठरलेल्या जहाजावर चढला नाही. मला त्या वेळी फार लाज वाटली आणि आजही ते आठवले की जीव खाली-वर होतो. हा शब्दप्रयोग इंग्लंडातूनच आपल्याकडे आला, तिकडे तो जुना झाला, इकडे राहिला. पुण्याच्या बँकेला लिहिताना तो चालतो, त्यांना आपला अर्थ कळतो. "रिव्हर्ट" म्हणजे उत्तर द्या, हेही इथे कळते. तिकडे मात्र त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे. मुलांना मी हे शब्द चूक म्हणून खोडायला सांगत नाही. वाचणारा कोण आहे ते आधी बघायला सांगते.

आणि वाचणारा कोण, हे बघण्यात मराठी माणूस कधी कमी होता? पोस्टकार्डाच्या काळात आपल्या घरातली चौथी शिकलेली आजीसुद्धा मायना चुकत नसे. वडिलांना तीर्थरूप आणि शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्याला चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद, परक्या माणसाला श्री. रा. रा. किंवा स. न. वि. वि., शेवटी कुणाला "लोभ असावा" आणि कुणाला नुसते "कळावे". वरचा मायना आणि खालची सही यांचे नाते तिला पक्के माहीत होते. इंग्रजीत "डिअर सर" ला खाली "युअर्स फेथफुली" आणि नावाने "डिअर मिस्टर" किंवा "डिअर मिस" लिहिले तर खाली "युअर्स सिन्सिअरली", हे याच घरातले शास्त्र आहे. मी ते मायना म्हणूनच शिकवते. मुलांना वर्षानुवर्षे पाठ न होणारी गोष्ट एका बैठकीत बसते. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तीर्थरूप लिहून खाली आशीर्वाद द्यायचे नाहीत." तिला पुन्हा सांगावे लागले नाही.

शाळेतली एक सवय मात्र मला मोडावी लागते. निबंधात तोच शब्द पुन्हा पुन्हा आला तर शिक्षक लाल रेघ मारतात, म्हणून मुले पत्रातही शब्द बदलतात. पहिल्या ओळीत "कास्टिंग", दुसरीत "कंपोनंट", तिसरीत "पार्ट". वाचणारा तीन वेगळ्या वस्तू शोधत बसतो. बँकेच्या कागदात तर याची फार मोठी किंमत मोजावी लागते. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देऊ, ही गिऱ्हाइकाच्या बँकेची लेखी हमी. हा व्यवहार २००७ पासून यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतो. त्यात बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. इन्व्हॉइसवरचे मालाचे वर्णन लेटर ऑफ क्रेडिटमधल्या वर्णनाशी जुळलेच पाहिजे. आमच्याकडे एकदा नव्या मुलाने ते वर्णन आपल्या मते सुधारून, जास्त चांगल्या इंग्रजीत लिहिले. बँकेने कागद त्रुटी दाखवून अडवले, दंडाची फी कापली आणि पैसे अकरा दिवस उशिरा आले. माल कधीचाच बंदरावरून सुटला होता आणि त्यात एक पीसही खराब नव्हता. त्या मुलाचे इंग्रजी आमच्या सगळ्यांत चांगले होते.

तारखेचेही तसेच. ५/६ म्हणजे आपल्याला पाच जून, अमेरिकेतल्या माणसाला सहा मे. महिना नेहमी अक्षरात लिहायचा, यात चर्चा नाही. रक्कम लिहिताना १,५०,००० असा आपला स्वल्पविराम परदेशी माणसाला छापण्यातली चूक वाटते, आणि "लाख" हा शब्द तर त्याला ठाऊकच नसतो. या गोष्टी पाच मिनिटांच्या आहेत. बारावीपर्यंत किंवा पदवीपर्यंत त्या कुणी सांगितल्या का, असे मी प्रत्येक नव्या तुकडीला विचारते. हात वर येत नाहीत.

थकलेल्या बिलाचे पत्र मी सर्वांत जास्त वेळ शिकवते. इथल्या लहान कारखानदाराचा जीव त्यात अडकलेला असतो. आपल्याकडे वसुली तोंडी होते. फोन करून "साहेब, तेवढं बघा की" म्हणायचे, पुन्हा पंधरा दिवसांनी तेच म्हणायचे. कागदावर काही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हे मागायला गेले की पहिला प्रश्न येतो, मागणी कधी केली, कागद दाखवा. तिथे "तेवढं बघा की" कामाला येत नाही. इन्व्हॉइस नंबर, तारीख, रक्कम, मुदत कधी संपली, एवढे चार आकडे असलेले साधे पत्र कामाला येते.

पण पहिल्याच पत्रात कायदा काढला तर गिऱ्हाईक तुटते, हेही खरे. पहिल्या पत्राचा सूर आपल्या मराठीत तयार आहे. शेजाऱ्याने उसने घेतलेले परत केले नाही तर आपण "तुम्ही दिले नाहीत" म्हणत नाही, "राहून गेलं असेल" म्हणतो. "मे हॅव्ह बीन ओव्हरलुक्ड" हे त्याचे तंतोतंत इंग्रजी आहे. मुलांना कर्मणि प्रयोग व्याकरणाच्या तासाला सांगितला तर झोप येते. त्याच मुलांना "राहून गेलं असेल" वरून तो सांगितला तर कुणाला वाचवण्यासाठी तो वापरतात, हे लगेच कळते. दुसऱ्या पत्रात तारीख मागायची, तिसऱ्यात कायद्याचे कलम. ही चढण त्यांना मी प्रत्यक्ष लिहायला लावते, तीन आठवड्यांत तीन पत्रे, एकाच गिऱ्हाइकाला.

आता नवीन अडचण मोबाइलची आहे. त्याला दोन शब्द सांगितले की तो गुळगुळीत इंग्रजी पत्र लिहून देतो. मुले विचारतात, मग शिकायचे कशाला? मध्यंतरी एका मुलीने असे पत्र आणले. गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर होते. इंग्रजी माझ्यापेक्षा सरस. त्यात लिहिले होते की आम्ही दोषाच्या मूळ कारणाची सखोल तपासणी केली आहे आणि तुमच्या सर्व नुकसानीची पूर्ण जबाबदारी आम्ही घेतो. मी विचारले, तपासणी कुणी केली? कुणीच नाही, पत्र आजच आले होते. सर्व नुकसानीची जबाबदारी घ्यायला मालक तयार आहेत का? तिचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकाची लाइन एक दिवस बंद पडली तर त्याची भरपाई त्या फाउंड्रीच्या सहा महिन्यांच्या नफ्यापेक्षा जास्त झाली असती, आणि हे आश्वासन सहीनिशी गेले असते. आम्ही ते खोडून लिहिले की तक्रार मिळाली, आमच्या गोदामातला त्याच हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेचा) उरलेला माल आजच बाजूला काढून ठेवला आहे, कारण शोधून शुक्रवारपर्यंत कळवतो. तीनही गोष्टी खऱ्या होत्या. मोबाइलने इंग्रजी सुधारून द्यावे, त्याला माझा विरोध नाही. पण काय खरे आहे आणि आपण कशाला बांधले जात आहोत, हे त्या मुलीलाच माहीत असायला हवे, आणि ते तिला शिकवणे हाच पत्रलेखनाचा तास आहे.

राधानगरीच्या त्या मुलाकडे परत येते. त्याने आधी मराठीत लिहिले, मग मी त्याला विचारले की फाउंड्रीवाल्याला हे पत्र वाचून आणखी कुठली माहिती लागेल. तो विचारात पडला. मी म्हटले, कास्टिंग हातात घे. त्याने ते उलटे केले आणि पाठीवरचा उठावाचा हीट नंबर दिसला. वाळूत ओलावा होता, की कोअरमधला, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातला, गॅस अडकला, की धातू थंड होता, हे फाउंड्रीला शोधायचे तर कुठल्या दिवशीच्या कुठल्या हीटचे पीस, हे कळायला हवे. सहाही पीस एकाच हीटचे निघाले! ही गोष्ट त्याच्या कारखान्यात तोवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पत्र लिहिता लिहिता ती सापडली.

मग त्याने इंग्रजी लिहिले. वरच्या विषयातच हीट नंबर. खाली, "सिक्स ऑफ द फोर्टी हाउसिंग्ज वुई रिसीव्ह्ड ऑन ट्वेल्फ्थ मार्च हॅव ब्लोहोल्स ऑन द फ्लँज फेस. दे अपिअर्ड आफ्टर द फर्स्ट कट. ऑल सिक्स आर फ्रॉम द सेम हीट. कुड यू प्लीज सेंड सिक्स रिप्लेसमेंट्स बाय ट्वेंटिएथ मार्च? अवर लाइन विल स्टॉप आफ्टर दॅट डेट." सोबत दोन फोटो. तो जे पहिल्यांदा तोंडाने बोलला होता, तेच हे. "अंडरसाइन्ड" नाही, "एस्टीम्ड" नाही. फाउंड्रीने दुसऱ्या दिवशी उत्तर दिले आणि त्याच हीटचे इतर कुणाला गेलेले पीसही परत मागवले.

वर्गात मी पत्रे तपासत नाही, अदलाबदल करते. एकाने लिहिलेल्या पत्राला दुसऱ्याने उत्तर द्यायचे. उत्तर देण्याआधी लिहिणाऱ्याला काही विचारावे लागले, तर पत्र परत. यात माझा वेळ वाचतो, म्हणजे ऐंशी मुलांच्या वर्गातही हे जमेल असे मला मनापासून वाटते. जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निक आणि ज्युनिअर कॉलेजच्या इंग्रजी शिक्षकांनी एक सहामाही हे करून बघावे, अशी माझी विनंती आहे. कारखानदारांकडे माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या फायलीत वीस वर्षांची खरी पत्रे पडून आहेत, चुकलेलीही आणि साधलेलीही. नावे, पत्ते, दर झाकून त्यांच्या प्रती जवळच्या कॉलेजला द्या. "एक्सवायझेड" ला लिहिण्यापेक्षा मुलांना त्यांचे उत्तर लिहू द्या.

माझ्याकडे अशी सुमारे दोनशे पत्रे जमली आहेत, पूर्वीच्या मालकांच्या परवानगीने, नावे कापून. कार्बन प्रतीवरची काही फिकट झाली आहेत, ती मी पुन्हा टाइप करून घेतली. कुणा शिक्षकाला ती हवी असतील तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे. प्रतींचा खर्च मी करेन. फक्त कुठल्या इयत्तेला आणि किती मुलांसाठी हवी आहेत, ते पत्रात जरूर लिहावे.

कळावे.

आपली,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर